दहापैकी सहा

मी मराठीची शिक्षिका आहे आणि निबंधाला दहापैकी सहाच्या वर गुण देत नाही. यात वैर नाही, वळण आहे. मला शिकवणाऱ्या जोगळेकरबाईही सहाच द्यायच्या. दहा म्हणजे पूर्ण, आणि पूर्ण असं अजून कुणी लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेतली पोरं माझ्या पाठीमागं मला 'सहावाल्या बाई' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. या सवयीपायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो, हे मात्र बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

जीव माझ्या नवऱ्याचा, धैर्यशीलचा. तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. पन्नाशीला टेकला आणि त्यानं सायकल धरली. या वयात कुणी देव धरतं, कुणी शेअर मार्केट. त्यामानानं बरं म्हणायचं. दर मे महिन्यात कोकणातून गगनबावड्याला वर येणाऱ्या करूळ घाटात हौशी लोकांची शर्यत होते. त्यात तो दरवर्षी मधेच कुठंतरी यायचा. ना पहिल्यांत, ना शेवटच्यांत.

"एकदा तरी पहिल्या तिघांत यायचंय," तो म्हणायचा. "आयुष्यभर मधलाच राहिलोय गं मी. शाळेत मधला, भावांत मधला, कारखान्यात मधला."

हे एवढंच त्यानं माझ्याजवळ कधी बोलून दाखवलेलं. आमच्यात बोलणं कमीच. मुलगी सानिका पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात दोघंच, आणि दोघांना पुरतील इतकीच वाक्यं. गॅस आला का, बिल भरलं का, उद्या डबा नको.

मग त्यानं कोच लावली. निखत मुजावर. एके काळी राज्याकडून खेळलेली, तिशीतली, चटपटीत पोरगी. कोच म्हणजे शिट्टी वाजवून ओरडणारं माणूस, अशी माझी समजूत होती. निखत ओरडायची नाही. पहिल्या दिवशी तिनं सीट थोडी वर केली आणि धैर्यशीलला नुसतं सायकल चालवताना बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, तुम्ही रोज अर्धवट जोरात चालवताय. म्हणून पाय कधी ताजे होत नाहीत आणि कधी तयारही होत नाहीत. हळूच्या दिवशी लाज वाटावी इतकं हळू चालवायचं. जोराच्या दिवशी जीव काढायचा."

एवढ्यावरही त्याच्यात फरक पडला. झोप सुधारली, पोट उतरलं, पन्हाळ्याच्या चढावर तरण्या पोरांच्या मागे चिकटून राहू लागला. पण पहिले तिघं अजून लांब होते. तेव्हा निखतनं 'सोबत'चं काढलं.

"आपण दमतो म्हणजे काय होतं, मॅडम?" ती आमच्या हॉलमध्ये बसून मला समजावत होती. "पाय दमतात, फुप्फुसं दमतात, पण 'दमलो' हे ठरवतो मेंदू. स्नायू, रक्त, श्वास, कातडीची उष्णता, शेकडो ठिकाणांहून खबरी वर जात असतात. मेंदू त्यांचा हिशेब घालतो आणि टाकीत पेट्रोल असतानाच काटा लाल करतो. राखीव साठा तो आपल्याला हात लावू देत नाही. मानेवर लावायची ही पट्टी त्या खबरी जाणिवेपर्यंत पोचूच देत नाही. माणूस दमतो, पण त्याला कळत नाही."

"मग थांबायचं कधी, ते कसं कळणार?"

"तोच तर घोळ झाला. पहिल्यांदा ज्यांनी लावली ते हसत हसत चालवत राहिले आणि हसत हसत पडले. मग कॉम्प्युटरला सांगितलं, तू लक्ष ठेव. नाडी, ताप, साखर, सगळं मोजलं. जमलं नाही. कारण मेंदू नुसतं मोजत नाही, तो घाबरतो पण. घाबरायला जिवंत मेंदूच लागतो. म्हणून त्या खबरी आता दुसऱ्या माणसाकडे पाठवतात. त्याच्या मानेवर जोडीची पट्टी. सायकल एक चालवतो, दमणूक खुर्चीत बसलेल्या दुसऱ्याला कळते. त्याला शर्यत जिंकायची नसते, डोकं थंड असतं, तो नीट ठरवू शकतो. त्याला म्हणायचं सोबती."

दर थोड्या वेळानं यंत्र टिंग करणार आणि सोबत्यानं एक ते दहामधला आकडा सांगायचा. त्या आकड्यावरून हँडलवरचा दिवा स्वाराला सांगणार, अजून रेट की आवर. सोबत्यानं दहा म्हटलं की खेळ संपला. पट्टी बंद, स्वारानं उतरायचं. दुसऱ्या कुणाचाही आवाज यंत्र ऐकत नाही, कोचचाही नाही. आणि वर्षानुवर्षं एका घरात राहिलेल्यांच्या खबरी चांगल्या जुळतात म्हणे.

"म्हणजे सायकल तो चालवणार आणि दमणार मी," मी म्हणाले. "यात नवीन काय?"

निखत हसली. धैर्यशील हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्यानं कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, तेव्हा मी हो म्हणाले.

माझं माप घेण्याचा दिवस ठरला. सोबत्याची स्वतःची शिगेची दमणूक यंत्राला दाखवावी लागते. मला जागेवर फिरणाऱ्या सायकलवर बसवलं आणि चढ वाढवत नेला. टिंग झालं की आकडा. मी दोन म्हणाले, तीन म्हणाले. मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढं काजवे आले, तेव्हा पाच म्हणाले. शेवटी हँडल सुटलं आणि निखतनं मला काखेत हात घालून उतरवलं. टिंग.

"सहा," मी म्हणाले.

यंत्रानं ते लिहून घेतलं. पुढचे चार आकडे त्यानं आपल्या अंदाजानं आखून टाकले, जणू माझ्यात अजून तेवढं शिल्लक होतं.

रविवारी सकाळी धैर्यशील बाहेर पडायचा आणि मी वह्या घेऊन खुर्चीत बसायचे. थोड्या वेळानं माझ्या मांड्यांत ऊब यायची, मग जाळ. श्वास लागायचा. समोरच्या वहीत 'माझा आवडता ऋतू' आणि माझ्या पोटऱ्यांत जोतिबाचा डोंगर. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, मला घामाघूम बघून घाबरल्या आणि साखर न घेताच परत गेल्या.

मला ते आवडत होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझे पप्पा गेले. सगळं मीच केलं. दवाखाना, स्मशान, पाहुण्यांची जेवणं. दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन समास शिकवला. लोक म्हणाले, खंबीर आहे हो वृषाली. मी खंबीर नव्हते. मला काही होतच नव्हतं. रडू नाही, राग नाही, जेवणाला चव नाही. आधी वाटलं, बरं झालं, सुटले. मग महिने गेले आणि लक्षात आलं की हात भाजला तरी मी आधी बघते आणि मग काढून घेते. अशा बाईच्या मांडीत कुणी जाळ पेटवून दिला तर ती तक्रार कशाला करील?

धैर्यशीलची मात्र वेळ कमी कमी होत गेली. निखतचा विश्वास बसत नव्हता. घरी आला की तो खुर्चीतही बसायचा नाही. उभ्या उभ्या पाणी पिऊन फोनवर आकडे बघत राहायचा. मी सोफ्यावर आडवी. "झोपलीस होय?" तो विचारायचा आणि आंघोळीला जायचा. त्याची काही चूक नव्हती. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात निखत सगळी नोंद चाळत बसली होती. "मॅडम, तुम्ही ग्रेट आहात," ती म्हणाली. "एवढ्या महिन्यांत एकदाही सहाच्या वर गेला नाहीत."

"सहाच्या वर मी बोर्डात आलेल्या मुलीला पण दिले नव्हते," मी म्हणाले.

तिचं बोट स्क्रीनवर थांबलं. "म्हणजे?"

मी सांगितलं. दहा म्हणजे पूर्ण, ते द्यायचे नसतात. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "अहो, तुम्ही सायकलवरून पडायला आला होतात तेव्हा सहा बोललात! म्हणजे तुमचा सहा हाच दहा आहे. यंत्र समजतंय, दादांच्यात अजून निम्मं शिल्लक आहे. इतके दिवस ते त्यांना रेटतंय!"

"मग आता?"

"परत माप घ्यायचं. दिवा लवकर लाल होईल, वेळ वाढेल, पण बरोबर होईल."

धैर्यशील दारात उभा राहून ऐकत होता. "काही परत घ्यायचं नाही," तो म्हणाला. "एवढे महिने झालं का मला काही? चाललंय ते चालू द्या. पहिल्यांदा तिसऱ्या नंबरची वेळ लागायलीय माझी."

"दादा, रिस्क आहे."

"आठ दिवस. मग काय मापं घ्यायची ती घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वृषाली, एवढं कर की."

मी निखतकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. निखतला म्हणाले, "मी सांभाळीन आकडे." तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी सोबत्यांचा मांडव वर गगनबावड्याला होता. खाली वैभववाडीकडून सायकली सुटल्या आणि मांडवात खुर्च्यांत बसलेली माणसं हळूहळू धापा टाकू लागली. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, एक रिटायर्ड मामलेदार. कुणी हातपाय हलवत नव्हतं आणि सगळे घामानं निथळत होते. चहावाल्यानं हे बघून हात जोडले.

मे महिन्याचं ऊन आणि खालून येणारी कोकणातली दमट हवा. पहिल्या वळणांतच माझ्या मांड्या भरून आल्या. चार. पाच. निखत माझ्याजवळ स्टुलावर बसून पडद्यावर बघत होती. "दादांचा सहावा नंबर आहे. पाचवा झाला." टिंग. मी सहा म्हणाले, आणि आतून पुरतं कळत होतं की हे माझं टोक आहे. त्याच्या हँडलवर दिवा हिरवाच होता. टिंग.

"सात," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणाला सात दिले.

निखतनं माझ्याकडे बघितलं. "आवरलं का त्यानं?" मी विचारलं.

"थोडंसं. चौथा नंबर आहे. समोरचा दिसतोय त्यांना."

"आठ," मी म्हणाले. दिवा पिवळा झाला असावा; माझ्या पोटऱ्यांतला ताण जरा सैल झाला आणि लगेच पुन्हा वाढला. तो पिवळ्याला जुमानत नव्हता. आता तो तिसरा होता. कानाला लावलेल्या फोनमधून त्याचा आवाज आला, हसरा, तरणा. "दिसायलंय गं वरचं टोक!" असा आवाज मी लग्नाआधी ऐकला होता.

आणि मग सगळं थांबलं.

मांडीतला जाळ गेला. श्वास मोकळा झाला. भर उन्हात माझ्या दंडावर काटा आला आणि ताप उतरताना वाटतं तसं गार, हलकं वाटू लागलं. काही दुखत नव्हतं. कशाचीच घाई नव्हती. मामलेदार शेजारी विव्हळत होते आणि मला ते लांबून ऐकू येत होतं.

"बघा, बघा!" निखत म्हणाली. पडद्यावरची त्याच्या दमणुकीची रेघ खाली येत होती. "सावरले ते. दम परत आलाय त्यांना. दोन वळणं राहिलीत फक्त."

टिंग.

खरा आकडा एक होता. कुणालाही विचारा, एकच होता. मी एक म्हटलं असतं तर दिवा हिरवा झाला असता आणि तो सुटला असता.

पण ती जागा माझ्या ओळखीची होती. मी दोन वर्षं तिथंच राहत होते. काही न होणं म्हणजे बरं असणं नव्हे, हे मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. खबरी थांबल्या होत्या, कारण त्याच्या अंगात त्या पाठवणारंच कुणी शुद्धीवर नव्हतं.

"दहा," मी म्हणाले.

"काय?" निखत उठून उभी राहिली. "मॅडम, काय बोललात? रेघ बघा की!"

"दहा."

कानात धैर्यशील ओरडला. "वृषाली, काय करायलीस? दिवा लाल झालाय!"

"उतर."

"अगं पट्टी बंद झाली तरी मला काही होईना! काहीच होत नाहीये मला!"

"म्हणूनच उतर. धैर्यशील, उतर खाली."

वळणावरच्या स्वयंसेवकांनी त्याला अडवलं. कुणीतरी त्याच्या अंगावर बादलीनं पाणी ओतलं, जे ते प्रत्येकाच्याच अंगावर ओतत होते. त्याच्यासमोरून चौथा गेला, पाचवा गेला. गाडीत घालून त्याला वर आणलं तोवर बराच वेळ गेला होता. डॉक्टरांनी तपासलं. "ताप थोडा आहे. या उन्हात सगळ्यांनाच आहे." रक्त ठीक. नाडी ठीक. चालत येऊन तो गाडीत बसला.

निखत मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी तुमच्या जागी असते तर एक म्हटलं असतं. खरं तेच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही तिला दाखवायला काही नव्हतं. माणूस पडला असता तर मी बरोबर ठरले असते. तो पडला नाही, तेव्हा मी नुसती एक बाई होते जिनं नवऱ्याची शर्यत घालवली. अशा वेळी बरोबर असण्यानं पोट भरत नाही.

सायकल टपावर बांधून आम्ही निघालो. घरी पोचल्यावर तो म्हणाला, "तुला मी मधलाच बरा वाटतो." मी जेवण वाढलं. दोघंही जेवलो.

पाऊस सुरू झाल्यावर त्यानं विषय काढला. इचलकरंजीचा एक निवृत्त जवान सोबती व्हायला तयार होता. "सहाच्या वर कधी गेलाच नाही म्हणे तो," धैर्यशील म्हणाला. पण नियम असा होता की जुन्या सोबत्यानं स्वतःच्या आवाजात सोडल्याशिवाय नवा घेता येत नाही. कधीच दहा न म्हणणारा माणूस सापडेपर्यंत लोक सोबती बदलत राहायचे, म्हणून तो नियम आलेला. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. "एक शब्द बोलायचाय. सोडलं म्हण."

"नाही."

"का?"

"तुला काही झालं तर त्याला कळणार नाही."

"आणि तुला कळतं?" तो म्हणाला. "तुझ्या बापाच्या वेळी टिपूस काढलं नाहीस तू. तुला काय कळतंय दुसऱ्याचं?"

हे लागायला हवं होतं. कुठंतरी खोल काहीतरी हललं, पण वर आलं नाही. मी परत "नाही" म्हणाले. आपण काय घालवतोय ते मला नीट दिसत होतं. यापुढं हा माणूस माझ्याशी बोलेल की नाही, ते सांगता येत नव्हतं. पण न बोलणारा का होईना, तो जिवंत घरात फिरायला हवा होता. त्यानं फोन खिशात घातला.

त्यानंतर घरात दोघांना पुरतील इतकीही वाक्यं उरली नाहीत. सानिकाचा फोन आला की ती आधी त्याच्याशी बोलायची, मग माझ्याशी. गणपती आले, गेले. पट्टी ड्रॉवरमध्ये पडून राहिली आणि माझ्या मांड्या गप्प झाल्या. रविवारी मी खुर्चीत बसायचे ते नुसतंच. तो मात्र निखतकडे जात राहिला. पट्टीशिवाय. हळूच्या दिवशी हळू, जोराच्या दिवशी जोर.

दिवाळीनंतर पन्हाळ्याची छोटी शर्यत होती, एकट्यांच्या, म्हणजे सोबतीविना चालवणाऱ्यांच्या गटाची. तो पहाटे निघून गेला ते मी झोपेतच ऐकलं. कितवा येईल याची मला काळजी नव्हती. तो येईल ना, एवढंच मनात होतं. दुपारी मी हॉलमध्ये फरशीवर बसून पावटा सोलत होते तेव्हा दार उघडलं.

तो आला तो बुटासकट. भिंतीला हात लावत दोन पावलं चालला आणि माझ्यासमोर फरशीवर बसला, बसला म्हणजे गुडघ्यांनी त्याला खाली सोडलं. मग पाठीवर आडवा झाला. तोंडावर मिठाची पांढरी रेघ, ओठ सुकलेले, मांडीचा स्नायू कातडीखाली आपोआप उडत होता. छताकडे बघत तो धापा टाकत राहिला.

"लई दमलो गं," तो म्हणाला.

एवढे महिने त्याच्या मांडीतला जाळ त्याच्याआधी मला कळला होता. पण ते मला यंत्रानं कळवलं होतं. त्यानं मला सांगितलं ते आज. खोलातलं ते काहीतरी या वेळी वर आलं. डोळ्यांतून पाणी पावट्यांत पडू लागलं.

"मी पण," मी म्हणाले.

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. कोपरावर जोर देऊन, कण्हत, तो फरशीवर थोडा बाजूला सरकला. मी ताट बाजूला ठेवलं आणि त्या गार जागेत आडवी झाले.